माशांची वयं सांगणारी मावशी

मासळी संशोधन केंद्रात सगळे तिला मावशी म्हणत. गेली चोवीस वर्षं तिचं काम एकच. माशाच्या डोक्यातून तांदळाएवढा कानातला खडा चिमट्यानं काढायचा, घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची वलयं मोजायची. झाडाच्या बुंध्यासारखंच, एक वलय म्हणजे एक वर्ष. नवखा माणूस एका खड्याला अर्धा तास डोळे फोडायचा; मावशीच्या हाताखालून तेवढ्यात पाच जायचे.

त्या वर्षी मासळी भरभरून आली. केंद्रातल्या तरुण शास्त्रज्ञानं संगणकावर अंदाज मांडला, की पुढची काही वर्षं काळजी नको. मावशीचा धाकटा भाऊ होडीवाला. तो तर हवेतच होता.

मावशी शास्त्रज्ञापुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, आठशे खडे पाहिले. सहा-सात वर्षांचे ढीगभर, दोन वर्षांचे अकरा, वर्षाचा एकही नाही. घर भरलेलं दिसतंय, पण पाळणा हललेलाच नाही."

"लहान मासे जाळ्यातून निसटले असतील."

"पाहणीचं जाळं दरवर्षी तेच. मग आधी कसे सापडायचे?"

शास्त्रज्ञानं शंभर खड्यांवरच्या, मावशीनं वयं लिहिलेल्या चिठ्ठ्या झाकल्या आणि दुसऱ्या केंद्रातल्या जाणकाराकडून वयं काढून घेतली. सत्त्याण्णव जुळली. ती वयं गणितात घातल्यावर आलेखाची रेघ तिसऱ्या वर्षी धाडकन खाली आली. केंद्रानं शिफारस केली आणि अंडी घालण्याच्या हंगामात मासे जिथे जमतात, तो समुद्राचा पट्टा मासेमारीला बंद झाला.

भाऊ तरातरा घरी आला. "ताई, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय?"

"पाय नाही रे. परवाच्या ताटाचं बघतेय."

"आणि तुझे खडे चुकले तर?"

"तर चारचौघांत मला शिव्या घाल. पण नाही चुकणार."

महिनाभर त्यानं अबोला धरला. तिला वाईट वाटलं, पण आकडा तिनं बदलला नाही.

तिसऱ्या वर्षी मासळी खरंच निम्म्यावर आली. बंद पट्ट्याजवळच्या पाहणीत मात्र बोटाएवढी पिल्लं सापडली, आणि पुढच्या वर्षी त्याहून जास्त. एका सकाळी भाऊच माशांची बादली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"ताई, यांची वयं काढ. आणि मलाही दाखव, ती वलयं दिसतात तरी कशी."

मावशीनं शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "आधी हात धू."