मावसबहिणीची रेषा

माझ्या मावसबहिणीइतका 'हो' आणि 'नाही'च्या मधोमध अडकलेला माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडायचा नाही. कट्टा गावात आईच्या घरी माडीवर बसून ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं काम करते. बसून म्हणायचं आपलं. ती बसत नाहीच. रक्तातल्या जनुकांवरून एक प्रोग्रॅम कर्करोगाच्या शक्यतेचा आकडा काढतो. कितीच्या वर 'संशय' म्हणायचं आणि कितीच्या खाली 'निर्धास्त', ती रेषा हिने ठरवायची. रेषा खाली आणली तर धडधाकट माणसं भीतीने अर्धमेली होतात, वर नेली तर एखादा आजारी हसत घरी जातो. अशी बाई जेवतेसुद्धा फेऱ्या मारत. सोलकढी आंबट झालीय का विचारलं तर म्हणते, "कोणाक?" लवकर निघून कुडाळ स्टेशनवर ताटकळायचं की उशिरा निघून गाडी चुकवायची, या विचारात तिने गाडी चुकवली आणि वर मलाच सुनावलं, "दोनय चुको सारख्यो नसतत रे!"

मध्यंतरी घाबरलेल्यांचे फोन फार वाढले म्हणून तिने रेषा थोडी वर नेली. लगेचच्या तपासणीत मावशीचा, म्हणजे तिच्या आईचा, आकडा रेषेच्या जरासा खाली आला. निर्धास्त! जुन्या रेषेने संशय ठरला असता. आईपुरती रेषा खाली आणावी, तर इतरांच्या आयांनी काय घोडं मारलं होतं? पोरीची झोप उडाली.

शेवटी मावशीनेच तिला कौल लावायला देवळात नेलं, मीही गेलो. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. मावशीला आजार आहे का? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडेना. ही सभामंडपात येरझाऱ्या घालतेय.

"देवान काय सांगूक नाय," गुरव म्हणाला. "उद्या परत इचारूया."

"म्हणजे देवाकय मधली जागा आसा!" ती ओरडली आणि तीर्थ न घेताच घरी पळाली.

मग वरिष्ठांशी भांडून तिने रेषेच्या अल्याडपल्याड एक पट्टा आखला: 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, पुन्हा तपासा. मावशी त्यात आली. गाठ लहान असतानाच सापडली, काढली. मावशी आता बरी आहे.

रेषा वर नेल्यापासूनच्या मधल्या काळात 'निर्धास्त' म्हणून परत पाठवलेल्यांना बोलवायचं काम तिने मागून घेतलं. बरेच जण आले. काही फोनच उचलत नाहीत. "तेंचा काय झाला असात रे?" ती मला विचारते. मला तिच्याबद्दल फार माया वाटते. रिंग आपोआप बंद होईपर्यंत ती फोन कानापासून काढत नाही.