आलेहो खिंडीपाशी थांबला तेव्हा

मेल्चोरा जन्माची घाबरट. शेजारच्या घरातून सकाळी धूर दिसला नाही, की हिच्या मनात तिथलं कुणीतरी गेलंच. मी तिची भारी चेष्टा करायचे. “काकू, गावाची सगळी काळजी तूच करतेस, आम्हाला शिल्लकच राहत नाही,” म्हणायचे. चिलीवाल्यांशी लढाई पेटली आणि माझी चेष्टा आपोआप बंद पडली.

त्यांची एक तुकडी आमच्या मांतारोच्या खोऱ्यात घुसली. आधी मेंढरं नेली, मग खेचरं, आणि खेचरं हाकायला मेल्चोराचा आलेहोही नेला. एकुलता एक पोरगा, लग्न ठरलेला. ती जेवेना की झोपेना.

तुकडी परत आमच्याच खिंडीतून जाणार अशी खबर आली. बंदुका आमच्याकडे नव्हत्या, धोंडे हवे तेवढे. कड्यावर ते रचून खाली पहारी लावल्या. शिपाई पुरते खिंडीत शिरले की गावचा म्हातारा मुखिया बासिलिओ, ज्याला आम्ही सगळे तायता, म्हणजे बाबा, म्हणायचो, टोपी हलवणार, आणि आम्ही पहारी रेटायच्या. पुरुष थोडे, म्हणून आम्ही बायकाही गेलो.

“तू घरी थांब,” तायता मेल्चोराला म्हणाला.

“घरी थांबून काय करू? इथून निदान दिसेल तरी.”

आणि दिसलं. सगळ्यांत पुढे आलेहोच, पहिल्या खेचराचा दोर धरून. ती ताडकन उठून उभी राहिली. मी घागरा ओढून तिला खाली बसवलं.

“तायता, माझं पोर पुढे आहे.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“मग काय, बाई? मागे बंदुका आहेत. आज सोडल्या तर उद्या गावात येतील.”

शेजारच्या पहारीवर मेल्चोराच्या शेजारणीचा, तोमासाचा, नवरा निकानोर होता. तो हळूच म्हणाला, “काकू, तो पळेल गं. पोटात काही नसलं तरी सशासारखा पळतो तुझा आलेहो.” मेल्चोराने पहार सोडली नाही. रेटली असती का, ते मला आजही सांगता येत नाही.

खिंडीच्या तोंडाशी वाटसरूंनी रचलेली दगडांची रास आहे. तिथे एक दगड ठेवायचा, चघळलेली कोकाची पानं वाहायची, डोंगराची परवानगी घ्यायची आणि मगच पाऊल टाकायचं. आलेहो तिथे थांबला. दोर सोडून वाकला, दगड उचलला. मागची सगळी तुकडी खिंडीबाहेरच अडली. एका शिपायाने त्याच्या पाठीत बंदुकीचा दस्ता घातला, तरी हा हलेना. तेवढ्यात दुसऱ्या एका शिपायाची नजर वर कड्याकडे गेली आणि आम्ही दिसलो.

मग एकच धुमश्चक्री. आम्ही धोंडे सोडले ते रिकाम्या खिंडीत. गोळ्या वर आल्या. चिलीवाले आल्या वाटेने मागे पळाले, आणि त्या गोंधळात आलेहो गवतातून सरपटत वर आला. निकानोरच्या मानेत गोळी बसली होती. तो जागीच गेला.

संध्याकाळी सगळं गाव तोमासाच्या दारात जमलं. जो तो म्हणे, पोराने डोंगराचा मान ठेवला, डोंगराने पोराला राखलं. रडता रडता तोमासासुद्धा म्हणाली, “काकू, चांगलं वळण लावलंस.”

मी मेल्चोराला तिच्या घरी आणलं. आलेहो चुलीपुढे बसला होता. सूप तसंच निवलेलं.

“आई, दगडाचं माझ्या मनातही नव्हतं गं,” तो म्हणाला. “वर तू उभी राहिलेली दिसलीस. सगळं कळलं मला. आत शिरलो असतो तर धोंडे माझ्यावरच आले असते. मुद्दामच थांबलो.”

तिने झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला.

“दगडासाठी थांबलास,” ती म्हणाली. “तोमासाने विचारलं तर दगडासाठी. मेल्यावर डोंगराने विचारलं तरी दगडासाठीच.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. पलीकडून तोमासाचं रडणं ऐकू येत होतं.