वाळत घातलेला पॉलिशवाला

दारू सोडलेल्या माणसाने फर्निचरला पॉलिश करण्याचा धंदा करू नये, हे पॉलिशवाल्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्या कामात दिवसभर स्पिरिटमध्ये हात. पण बावीस वर्षं ज्या हातांनी दुसरं काही केलं नाही, ते हात आता काय भरतकाम करणार?

तो ज्या घरात राहायचा, तिथे दारू सोडवायच्या दवाखान्यातून सुटलेले पण स्वतःच्या घरी अजून न पोचलेले बारा पुरुष होते. घर मास्तरांचं. मास्तर एकेकाळी शाळेत कवायत शिकवायचे, एकेकाळी आडवे होईपर्यंत प्यायचे, आणि आता अकरा वर्षं कोरडे होते. गळ्यातली शिट्टी तेवढी सुटली नव्हती. अंथरूण आपलं आपण घालायचं, बाथरूम पाळीपाळीने घासायचं, सहाच्या आत परतायचं आणि दारातच मशीनमध्ये फुंकायचं. मशीन मोबाइलएवढं, त्याला एक नळी. लाल दिवा लागला की त्याच संध्याकाळी पिशवी उचलायची.

पॉलिशवाल्यासाठी मास्तरांनी एक वेगळा नियम केला होता. स्पिरिटचा वास नाकातोंडात, कपड्यांत बसतो, म्हणून त्याने बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, शर्ट बदलायचा आणि अंगणातल्या बाकावर वीस मिनिटं बसायचं, मग फुंकायचं. घरात याला 'वाळत घालणं' म्हणत. वकील म्हणून एक जण होता. धंद्याने ट्रक ड्रायव्हर, पण आंघोळीच्या नंबरावरूनही युक्तिवाद करायचा, म्हणून वकील. तो खिडकीतून ओरडायचा, "थांबा रे, दुसरा हात मारलाय, अजून ओला आहे."

त्या शनिवारी पॉलिशवाल्याची बायको यायची होती. सात महिन्यांनी. तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की माझ्यासमोर फुंका, ठीक आलं तर त्याच पावली घरी चला. मुलीने कपाटातला एक कप्पा त्याच्यासाठी रिकामा करून ठेवला होता.

एक थेंब घेतला नव्हता, तरी भीती. न पिता भिणं हे पिऊन भिण्यापेक्षा वाईट. प्यायलेल्याला निदान काय लपवायचं ते ठाऊक असतं. त्यात गिऱ्हाईक आलं आणि दरवाजाला अजून एक हात मार म्हणून बसलं. बस उशिरा आली. कोपऱ्यावर उतरला तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती, आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बायको ताठ बसलेली दिसत होती. वाळायला वेळ नव्हता. तिच्या नाकाला हा वास कुठला वाटणार, हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्याने औषधाच्या दुकानातून चूळ भरायच्या हिरव्या औषधाची बाटली घेतली आणि दुकानामागे उभं राहून अर्धी बाटली गुळण्या करून संपवली. डोळ्यांतून पाणी आलं. मग उरलेली बाटली त्याने पिशवीतल्या चिंध्यांच्या गुंडाळीत खोल खुपसली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हाताने केलं.

दारात त्याने फुंकलं. मशीन किंचाळलं. लाल.

खिडकीतला वकील मागे सरला.

"काय घेतलंस?" मास्तरांनी हळू विचारलं.

"काही नाही."

हे मात्र जिभेने केलं.

बायको खुर्चीतून उठली. गेली, असं त्याला वाटलं. ती पिशवीपाशी आली. वरचा कप्पा तिने उघडला नाही, डबे हलवले नाहीत. चौदा वर्षं झडत्या घेऊन तिचा हात जकात नाक्यावरच्या साहेबापेक्षा तयार झाला होता. सरळ चिंध्यांची गुंडाळी काढली, उलगडली आणि बाटली मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग चष्मा काढला. "दारू सोडलीस आणि दारूने चूळ भरलीस होय रे, शहाण्या. यात अल्कोहोल असतं. जा, बस वाळत. तोंडातलं असेल तर पंधरा मिनिटांत जाईल. पोटातलं असेल तर जाणार नाही."

तो बाकावर बसला. पोटात काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. होतं ना? पूर्वी एकदा पिऊन तो साफ विसरला होता आणि देवाशपथ नाही म्हणून भांडला होता. आजचा दिवस त्याने मनात तासातासाने तपासला. सकाळ, दरवाजा, जेवण, दरवाजा, बस. मध्ये कुठे भोक तर नाही? स्वतःच्या शब्दावर त्याचा स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

बायको येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"हात का थरथरतायत?"

"भीती वाटतेय."

"मशीनची?"

"तू उठून जाशील याची."

ती उठली नाही.

पंधरा मिनिटांनी शिट्टी झाली. त्याने डोळे मिटून फुंकलं. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून डोळे उघडले. शून्य. वकिलाने टाळी वाजवली आणि मास्तरांची नजर बघून ती अर्ध्यावर सोडली.

पॉलिशवाला पिशवी भरायला वळला, तेव्हा बायको म्हणाली, "प्यायला नाहीत, ते मशीनने सांगितलं. पण विचारल्यावर 'काही नाही' म्हणालात. ते मशीनला कळत नाही. मला कळतं."

तो पुन्हा तिच्याकडे वळला.

"पुढच्या शनिवारी येते. स्पिरिटचा वास आला तरी चालेल, अंगावर घेऊन या." पदराने तिने कपाळ पुसलं. "मुलीला सांगते, कामात अडकलात म्हणून."

"नको," तो म्हणाला. "खरं सांग. चूळ भरली ते, आणि लपवली ते."

"हसेल ती."

"हसू दे."

फाटकाची कडी लावताना तिने एकदा वळून पाहिलं. हिरवी बाटली ती बरोबर घेऊन गेली होती. पॉलिशवाला चिंध्या पुन्हा गुंडाळत बसला. गुंडाळी नीट जमत नव्हती. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि बादली त्याच्यापुढे सरकवली. आज बाथरूमची पाळी त्याची होती.