खोलीत शहाणा, पुलावर पोर

सुधारगृहातल्या समुपदेशक बाई आधी शाळेत शिकवायच्या. मुलांच्या थापा त्यांना दारातूनच ओळखू येत, आणि आपल्याला कोणी गुंडाळू शकत नाही याचा त्यांना भारी तोरा होता. या पोराने मात्र त्यांची झोप उडवली, कारण तो थापच मारत नव्हता.

सोळा सरलेला, काटकुळा. दोस्तांसोबत पुलावर उभा असताना त्याने खाली दगड टाकला आणि एक टेंपोवाला जागीच गेला. आता बाईंनी मत द्यायचं होतं, याला मूल धरायचं की मोठा माणूस. मोठा ठरला तर खटला मोठ्यांच्या कोर्टात, आणि उभी जवानी तुरुंगात.

"दगड टाकला तर काय होईल, माहीत होतं?"

"हो. काच फुटेल. माणूस मरेल."

घ्या! आपल्या हातानेच पायावर कुऱ्हाड. बाई त्याच्यावर मनातून चिडल्या, मग स्वतःच्या खोलीवर. बंद दार, संथ पंखा, समोर पाण्याचा पेला. इथे कोणीही शहाणाच वाटणार. पुलावर असली शांतता कुठे होती?

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर लाकडी ठोकळे ओतले. "रचत जा. जितका उंच, तितके गुण. पडला की सगळे गेले." एकटा असताना पोरगा दर खेपेला वेळेत थांबला. मग बाईंनी सुतारकामाच्या वर्गातली दोन मुलं बोलावली. नुसतं बघत बसा म्हटलं, तर ती कसली गप्प बसतात!

"घाबरला रे!"

पोराचे कान लाल झाले. मनोरा डुलू लागला, बाईंचा जीव टांगणीला लागला, आणि त्याने आणखी एक ठोकळा ठेवलाच. सगळं धाडकन खाली.

"पडणार हे कळलं नाही?"

"कळलं होतं, बाई." त्याचे डोळे भरले. "पण हात थांबला नाही."

सुनावणीत न्यायाधीशांनी भुवया उंचावल्या. "खेळावरून ठरवायचं?"

"नुसत्या खेळावरून नाही, साहेब. या वयात डोक्याला कळतं आधी, आवरतं फार उशिरा. पुरता आवर यायला विशी उलटावी लागते, असं अभ्यास सांगतात."

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. "खटला इथेच, मुलांच्या कोर्टात चालेल."

बाहेर पडताना टेंपोवाल्याच्या बायकोने बाईंना गाठलं. ती आत बसून सगळं ऐकत होती. बाईंना तिची नजर चुकवायची होती, पण जमलं नाही.

"ताई, तो अजून मोठा व्हायचाय म्हणालात ना?"

"हो."

"मग झाला की पाठवा माझ्याकडे. दगड का टाकला, ते त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. तोवर मी थांबते."