उलटा हात

सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरची मोटर बिघडली की सटाण्याकडचा एक वायरमन यायचा. मोटर उघडण्याआधी तो तिला हाताची मागची बाजू टेकवून बघायचा. तळहात लावला आणि करंट असला, तर मूठ तिथेच आवळते.

एकदा त्यानं विचारलं, "शेठ, मेन बंद केला ना?"

ऑर्डरची घाई होती. जागेवरून न उठताच मी "हो" म्हणालो.

हात टेकताच तो झटक्यानं मागे भिंतीवर आदळला.

"स्विच खराब झाला असेल," मी म्हणालो.

कोपर चोळत तो हसला. "स्विच चांगला हाय, शेठ. कोणी हो म्हटलं तरी मी उलटाच हात लावतो."

त्यानंतरही तो येत राहिला. मेनचं मात्र त्यानं मला पुन्हा कधीच विचारलं नाही.