गोजाबाई मोठ्यानं बोलली

कुरुळीच्या गोजाबाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर यायचं. शेवटच्या बाळंतपणातून ती उठली न उठली तोच सासूनं डोक्यावर शेणाची पाटी दिली, तेव्हापासूनचं हे दुखणं. चालताना घासायचं, बसताना टोचायचं, जखमा चिघळायच्या. सासू गेली, नवरा गेला, गोजाबाई साठीला आली. पण दुखणं तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी बाजरी काढताना ती शेतातच कोसळली. सुनेनं, शालननं, लुगड्यावरचं रक्त पाहिलं आणि ती नवऱ्याच्या मागं लागली. सोपाननं गाडी जुंपून आईला चाकणच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं ते सोपानला, "काय होतंय यांना?"

सोपान मान खाली घालून म्हणाला, "पोटात दुखतंय."

गोजाबाई समोरच बसली होती. तिला कुणी विचारलंच नाही. लाल औषधाची बाटली मिळाली. ती संपली, दुखणं तिथंच.

मग एका बाजारच्या दिवशी ती एकटीच चालत निघाली. वाटेत दोनदा झाडाखाली टेकली. दवाखान्याच्या दारात कंपाउंडरनं अडवलं.

"घरातला पुरुष कुठाय? त्याला घेऊन या."

"दुखनं माजं हाय. पुरुष कशाला?"

"आजी, तुमच्या वयाला असं चालायचंच. पोरीबाळींची रांग लागलीय, बघताय ना?"

गोजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ओट्यावर माणसं भरलेली होती, गावचे ओळखीचेही होते. डोक्यावरचा पदर सावरून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माजं अंग बाहीर येतंय! ज्याला लाज वाटत आसंल त्यानं उठून जावं. आमचा बैल लंगडला तवा पोरानं त्याच दिशी जनावरांच्या डाक्टरकडं न्हेला. म्हातारा हाय म्हून त्याला कुनी परत धाडला न्हाई!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिला आत नेलं आणि पुण्याच्या बाई डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी दिली.

शालन तिला एसटीनं पुण्याला घेऊन गेली. बाई डॉक्टरनं तपासलं, जखमा धुतल्या, मलम दिलं. जखमा भरल्यावर पुन्हा बोलावून आत अंग वर धरून ठेवणारी एक रबराची कडी बसवली. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ.

"झालं, आजी."

"एवढंच?"

"एवढंच. आधी का नाही आलात?"

परतीच्या एसटीत गोजाबाई कितीतरी वर्षांनी नीट टेकून बसली आणि तिला रडू फुटलं. शालन घाबरली. "आत्याबाई, दुखतंय का?"

"न्हाई गं. दुखत न्हाई म्हून तर राग येतोय. एका कडीपायी सारी उमर गेली माजी!"

तो राग तिनं गिळला नाही. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना तिनं बायांना सगळं सांगितलं, दुखण्याचं नाव घेऊन. काहीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. अंबूबाई मात्र हसली नाही. सगळ्या गेल्यावर ती मागं रेंगाळली.

"गोजाक्का, पुन्याला कंची एसटी जाती?"

"चल, मीच येते," गोजाबाई म्हणाली. "आन् तिथं पोटात दुखतंय म्हनू नगंस."