बेवारस म्हणजे कोण

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षी दिवाळीला मी लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा काकूंनी मला भाकरी थापू दिली नाही. "तू मढी चिरतीस म्हनं," एवढंच बोलल्या आणि परात ओढून घेतली.

घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. जेवताना आजोबांनी विचारलं, "मेंढराचं आन् माणसाचं आतनं सारखंच असतंय का?"

मी नुकतंच वाचलेलं सांगितलं. जुन्या ग्रीसमध्ये माणसाचं प्रेत कापणं चालत नसे. वैद्य डुकरं, माकडं उघडून बघायचे आणि तेच माणसाचं म्हणून लिहायचे. माणसाच्या यकृताला पाच पाळ्या, म्हणजे भाग, असतात, असं चुकीचंच पुढं शेकडो वर्षं डॉक्टर शिकत राहिले. मधे थोडा काळ एका शहरात राजानं वैद्यांना कापायला माणसं दिली म्हणतात.

"कुणाची माणसं?" काकूंनी चुलीपासून विचारलं.

"कैदी. ज्यांच्यासाठी कुणी भांडणार नाही असे."

"आन् तुमास्नी कोण देतंय?"

"काही लोक देहदान करतात. काही बेवारस असतात."

काका मागल्या साली पुण्याकडं कामाला गेले, ते परतलेच नव्हते. फोन बंद, पोलिसांकडून काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला मेंढरांच्या वाड्यापाशी एकटीला गाठलं.

"डाव्या करंगळीचं पेर न्हाय त्यांचं. तेवढं बघ."

कॉलेजात परतल्यावर मी शवविच्छेदनाच्या प्रत्येक टेबलापाशी गेले. संशय आता मलाही चिकटला होता. हात उलटा करण्याआधी मी थांबायचे. सगळ्यांची बोटं शाबूत होती. तसं काकूंना फोनवर सांगितलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलत न्हाईस ना?" काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या एसटीनं स्वतःच आल्या. आमच्या शरीररचना विभागाच्या प्रमुख बाईंनी आधी नकार दिला; मग काकूंच्या हातातला काकांचा फोटो बघितला आणि आत नेलं. पदर नाकाला लावून काकूंनी एकेक चेहरा, एकेक हात बघितला. एका म्हाताऱ्याच्या छातीवरचं सरकलेलं फडकं नीट केलं. काका तिथं नव्हते.

बाहेर चहा घेताना मी म्हटलं, "आता पटलं ना?"

"असली कालेजं किती हायत?"

"पुष्कळ."

"मग हितं न्हाईत, एवढंच कळलं," त्या म्हणाल्या आणि परतीच्या बसची चौकशी करायला उठल्या.